काहीही चालेल

हॉस्पिटलात केसपेपरच्या खिडकीमागे बसणाऱ्या बाईला जितकी माणसं ओळखतात, तितकी एखाद्या पुढाऱ्यालाही ओळखत नसतील. थोरली त्या खिडकीमागे बसून बसून अशी झाली होती की नाव विचारायच्या आधीच तिला समोरच्याचा गुडघा आठवायचा, नाहीतर साखर, नाहीतर मोतीबिंदू. कोणाच्या आईला तिने खुर्ची मिळवून दिली होती, कोणाचा हरवलेला रिपोर्ट कपाटामागून ओढून काढला होता. एवढं करून तिने कधी कोणाकडे काही मागितलं नव्हतं. मागितलं ते आता, पहिल्यांदाच, धाकट्या बहिणीच्या नोकरीसाठी. आणि धाकटी त्या मागण्यावर बादलीभर पाणी ओतत चालली होती.

"बहीण गोड आहे हो तुमची," निवृत्त मॅनेजर खिडकीच्या काचेतल्या भोकाशी तोंड आणून म्हणाले. त्यांचा मुलगा एका मोठ्या बांधकाम कंपनीत होता, म्हणून थोरलीने त्यांच्याकडे शब्द टाकला होता. "आली, चहा घेतला, आमच्या हिच्याशी तासभर बोलली. जाताना कप विसळून ठेवला."

"आणि कामाचं?"

"तेच सांगायला आलो. कामाचं काही कळलं नाही. मी विचारलं, बाळ, तुला नक्की काय करायचंय? म्हणाली, काहीही चालेल. आता मी मुलाला काय सांगू? त्यांच्याकडे 'काहीही' नावाचं खातं नाही."

थोरली हसली, कारण मागे रांग होती आणि रांगेसमोर रडता येत नाही. मनातून मात्र तिची तळपायाची आग मस्तकात गेली. हे काही पहिलं नव्हतं. आधी औषध कंपनीतला माणूस हेच म्हणाला होता, मग शाळेच्या मुख्याध्यापिका, मग फर्निचरच्या दुकानाचा मालक. सगळ्यांना मुलगी आवडली होती. सगळ्यांनी तिला "लक्षात ठेवतो" असं सांगितलं होतं आणि खरोखरच ठेवलंही होतं, एक गोड मुलगी म्हणून. कामासाठी लक्षात ठेवायचं तर काम कुठलं ते आधी कळायला हवं ना.

धाकटी एका कंपनीत स्वयंपाकघरांची ड्रॉइंगं करायची. ओटा किती उंच, खण कसा सरकेल, कपाटाचं दार उघडलं की डोक्याला लागेल का, असलं सगळं. कंपनीने इथली शाखा बंद केली आणि धाकटी चार दिवस म्हणून थोरलीकडे आली, ती अजून बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावरच झोपत होती. आता त्याच कंपनीच्या मुख्य ऑफिसातून बोलावणं आलं होतं. लांबच्या शहरात, तीच ओटे-कपाटं, आणि शनिवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं. आई गेल्यापासून दोघी बहिणीच काय त्या एकमेकींना उरल्या होत्या. धाकटीने इतक्या लांब जाऊ नये असं थोरलीला पोटातून वाटत होतं. पण ते तसं सरळ न सांगता ती दिवसभर तिच्यावर खेकसत होती.

दुपारी धाकटी डबा घेऊन आली. रोज यायची. डबा खिडकीतून आत सरकवायची आणि "येते हं" म्हणून जायची, ती घरी पोचायची मात्र संध्याकाळी. थोरलीने एकदा विचारलं तेव्हा म्हणाली, "असंच, इकडे तिकडे." आज तिच्या बाहीला पांढरं काहीतरी लागलं होतं.

"हे काय फासून घेतलंस? लोकांना भेटायला जाताना जरा आरशात बघावं," थोरली म्हणाली.

धाकटीने बाही झटकली. "चालेल," ती म्हणाली.

हा शब्द ऐकला की थोरलीला हल्ली कानाला चिमटा काढल्यासारखं व्हायचं. 

संध्याकाळी घरी तिने विषयाला तोंड फोडलंच. थोरलीचा नवरा गाडी शिकवायचा. दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी बसून ब्रेकवर पाय ठेवायची सवय असल्यामुळे तो घरातही दोन्ही बाजूंच्या मध्ये बसायचा.

"मॅनेजरांना काय सांगितलंस?" थोरलीने विचारलं.

"सांगितलं की असलं काही तर लक्षात असू द्या."

"आणि त्यांनी काय असलं तर लक्षात ठेवायचं?"

"काहीही. म्हणजे त्यांना जे सोयीचं पडेल ते. उगाच आपण अमुकच हवं, तमुकच हवं करत बसलो तर त्यांना अवघडल्यासारखं नाही का होणार?"

"अगं, अवघडल्यासारखं त्यांना आत्ता होतंय. आणि मला तर होतंच आहे. मी माणसांच्या हातापाया पडून तुझ्यासाठी वेळ मागते, आणि तू जाऊन त्यांचे कप विसळतेस."

"एकच कप होता, ताई."

नवऱ्याने इथे ब्रेक दाबायला हवा होता. पण तो नेमका उलट बोलला. "तिचं कसं होतंय सांगू का, ती इंडिकेटर न देता रस्त्यात मधोमध उभी आहे. मागच्यांना कळत नाही, डावीकडून काढू की उजवीकडून. म्हणून सगळे हॉर्न वाजवतात."

"मी हॉर्न वाजवत नाहीये," थोरली म्हणाली.

"नाही, तू जरा मोठ्यानेच वाजवतेस."

थोरलीने त्याच्याकडे असं बघितलं की तो पाणी प्यायला उठला. मग तिने खुर्ची दिवाणासमोर ओढली आणि अगदी खिडकीतल्यासारखी, मान थोडी वाकडी करून बसली. "हे बघ. नाव, वय, त्रास, एवढं प्रत्येकजण मला एका दमात सांगतो. आजारी माणूस सांगतो, मग तुला का जमू नये? एका वाक्यात सांग. काय करायचंय तुला? आज ते वाक्य आल्याशिवाय मी इथून उठणार नाही."

 धाकटी उशीच्या अभ्र्याची शिवण नखाने उकरत होती. थोरली खरंच उठली नाही. शेवटी धाकटी खालमानेने म्हणाली, "मला माणसांना पायावर उभं करणारं काम करायचंय."

थोरलीला भरूनच आलं. एवढं सुंदर वाक्य, आणि ही मुलगी ते पोटात घेऊन गावभर चहा पीत हिंडत होती. पायावर उभं करायचं. बायकांना, गरजू मुलींना, ज्यांना कोणी नाही त्यांना. आई असती तर तिलाही बरं वाटलं असतं. आणि नुसतं वाक्य सुंदर होतं असं नाही, त्या वाक्यासाठी थोरलीकडे माणूसही तयार होता. बायकांना छोटे धंदे शिकवणारं एक केंद्र होतं, त्याच्या मुख्य बाई रक्तदाबासाठी दर महिन्याला खिडकीवर यायच्या आणि थोरली त्यांना कधी उभं ठेवायची नाही.

"थांब," असं म्हणून तिने फोन उचललासुद्धा.

"ताई, म्हणजे मला तसं—"

"तू आता काही बिघडवू नकोस. फक्त एवढं सांग, उद्या दुपारी चालेल ना?"

धाकटीचं तोंड उघडं होतं. त्यातून पुढे काहीतरी येणार होतं. पण पलीकडे फोन वाजायला लागला होता, थोरलीच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू होतं, आणि शब्द तर जिभेवर तयारच होता.

"चालेल," धाकटी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी थोरलीने अर्धी रजा टाकली. या वेळी मुलीला एकटं सोडायची तिची हिंमत नव्हती. केंद्र एका छापखान्याच्या वर होतं. खोलीत भिंतीला लावून शिवणयंत्रं होती, एका टेबलावर अर्धवट विणलेल्या पिशव्या होत्या, आणि मुख्य बाईंच्या डोक्यावर मोठा फलक होता, 'स्वतःच्या पायावर उभ्या राहा'. धाकटीने तो फलक वाचला आणि ती इतकी कासावीस दिसली की थोरलीने तिला टेबलाखालून कोपर मारलं.

बाई मनापासून बोलणाऱ्या होत्या. "तुमच्या ताईंनी मला तुमचं वाक्य सांगितलं. मला फार आवडलं. तुमच्या वयाच्या मुली येतात त्या आधी सुट्ट्या किती ते विचारतात. तर मला सांगा, माणसांना पायावर उभं करायचं यात तुम्हाला सगळ्यात अवघड काय वाटतं?"

 आता 'काहीही' येणार याची थोरलीला खात्री होती. पण धाकटी खुर्चीत चक्क ताठ बसली.

"गुडघ्याच्या वरचं," ती म्हणाली.

"वरचं?"

"खालचं असलं तर माणूस लवकर उभं राहतं. वरचं असलं की सगळं मुळापासून शिकवावं लागतं. त्यांचा स्वतःवर विश्वासच बसत नाही."

बाईंनी मान डोलावली, पण डोळे थोरलीकडे वळले. "म्हणजे वरच्या थरातल्या बायका म्हणताय का तुम्ही?"

"बायकाच असं नाही. पुरुष जास्त येतात. आणि घाई करून चालत नाही. माप जरा जरी चुकलं तरी टोचतं. मग लाजेने कोणी सांगत नाही, चार दिवस वापरतात आणि कपाटावर टाकून देतात."

"अगदी खरंय," बाई जोरात म्हणाल्या. "आमच्या शिवणयंत्रांचं अगदी असंच होतं. कपाटावर टाकून देतात."

"शिवणयंत्र नाही हो," धाकटी म्हणाली. "पाय."

 खालून छापखान्याची घरघर ऐकू येत होती.

"पाय?"

"पाय. मला पाय बनवायचेत."

थोरलीला आधी काहीच अर्थ लागेना. मग एकदम सगळं लागलं. बाहीवरचं पांढरं. इकडे तिकडे. हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला, धोबीखान्याच्या पलीकडे एक लांबट खोली होती. कागदावर तिचं नाव भलंमोठं होतं, पण सगळं हॉस्पिटल तिला पायांची खोली म्हणायचं. तिथले मास्तर पाय गेलेल्या माणसांसाठी पाय तयार करायचे. थोरली त्या खोलीचे केसपेपर काढायची, त्यांवर शिक्का मारायची, आणि माणूस कुबड्यांवर निघून गेला की पुढच्याला बोलवायची.

बाईंनी चहा विचारला. थोरली नको म्हणाली. दोघी जिना उतरल्या, फुटपाथवर आल्या, आणि कोपऱ्यावरच्या बंद दुकानाच्या पायरीपाशी थोरलीचा बांध फुटला.

"माझ्याच हॉस्पिटलात? माझ्या खिडकीपासून हाकेच्या अंतरावर? आणि मी तुझ्यासाठी गावभर पायपीट करत होते? पाय बनवायचेत. तीन शब्द नाहीत पुरते. कुठे ठेवले होतेस ते आजवर?"

"काल सांगितलं ना तुला."

"काल तू म्हणालीस पायावर उभं करायचंय."

"मग? पायावरच उभं करायचंय."

"अगं, पण असं कोणी म्हटलं की त्याचा अर्थ पाय असा होतो का? जगात कोणी असं बोलतं का?"

"मी बोलले," धाकटी म्हणाली. "आणि तू लगेच फोन लावलास."

समोरून भाजीची हातगाडी चालली होती. थोरलीला तिला वाट द्यावी लागली, त्यामुळे रागावण्यातला एक क्षण फुकट गेला. तेवढ्यात धाकटीने विचारलं, "मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

"म्हणाले असते की..." थोरली थांबली. ती काय म्हणाली असती ते तिला चांगलंच ठाऊक होतं. आपण जरा चांगलं काहीतरी बघू, असं म्हणाली असती. एवढी ड्रॉइंग शिकलेली मुलगी, आणि एप्रन घालून प्लास्टर कालवणार? धोबीखान्याशेजारी? लोक विचारतील तेव्हा काय सांगायचं? "निदान म्हणाले तरी असते काहीतरी," ती म्हणाली.

"म्हणूनच नाही सांगितलं."

हे थोरलीला लागलं. लहानपणी रोज सकाळी या मुलीची वेणी घालून दिली होती तिने, आणि तीच मुलगी तिच्यापाशी तोंड उघडायला घाबरत होती. पण राग अजून शिल्लक होता, आणि राग शिल्लक असला की थोरलीचे पाय चालायला लागायचे. "चल," ती म्हणाली.

"कुठे?"

"मास्तरांकडे. शनिवार परवावर आलाय."

पायांच्या खोलीत मधोमध दोन लांब दांडे होते, धरून चालायला. एक म्हातारे गृहस्थ नव्या पायावर उभे होते, दांडे इतके घट्ट धरून की बोटं पांढरी पडली होती. भिंतीशी पांढरे साचे ओळीने मांडले होते. मास्तर गुडघ्यावर बसून त्या गृहस्थांच्या नव्या पायाची खोबण, उरलेला पाय जिथे बसतो ती, चाचपत होते. कपाळावर चष्मा, अंगावर प्लास्टरचे ठिपके.

"टोचतंय?" मास्तरांनी विचारलं.

"नाही, चालेल," म्हातारे म्हणाले.

"चालेल म्हणू नका," मागून धाकटी म्हणाली. "टोचत असेल तर टोचतं म्हणा. बाहेरच्या बाजूला टोचतंय ना?"

म्हाताऱ्यांनी तिच्याकडे बघितलं आणि कबूल केल्यासारखी मान हलवली. मास्तरांनी त्यांना खुर्चीवर बसवून पाय उतरवायला घेतला. थोरली मात्र बहिणीकडे बघतच राहिली. चालेल म्हणू नका, हे हिने सांगावं? तिला तिथल्या तिथे हसावं की हिचे कान उपटावेत ते कळेना.

"बोला ताई," मास्तर हात पुसत उठले. "आज खिडकी सोडून इकडे?"

थोरलीने वाटेत सगळं ठरवलं होतं. एका वाक्यात, नाव, वय, त्रास. पण प्रत्यक्ष मागायची वेळ आली आणि तिच्या तोंडून निघालं ते असं, "नाही, तसं विशेष काही नाही. म्हटलं, सहज जाता जाता विचारावं. म्हणजे पुढेमागे तुमच्याकडे असलं काही, तर जरा लक्षात—"

"ताई, थांब," धाकटी म्हणाली. ती पुढे झाली. आवाज कापत होता, पण शब्द एकही गळला नाही. "मास्तर, मला तुमच्याकडे पाय बनवायला शिकायचंय. मी पाच वर्षं ड्रॉइंग केलंय, माप मला कळतं. तुमच्याकडची जागा रिकामी आहे. ती मला हवी आहे."

मास्तरांनी चष्मा डोळ्यांवर ओढला, जणू रोज कोपऱ्यातल्या स्टुलावर येऊन बसणारी मुलगी त्यांना आत्ता पहिल्यांदा दिसत होती. "तुम्हाला हवी आहे? मला वाटलं तुम्ही वेळ घालवायला येता. आलात तेव्हा म्हणालात, बघत बसले तर चालेल का? मी म्हटलं चालेल." मग ते थोरलीकडे वळले. "आणि मी तुमच्या ताईंना मागेच विचारलं होतं. म्हटलं ड्रॉइंग कळणारं कोणी असेल तर सांगा. तुमची बहीण हल्ली इथे बसलेली असते, तिलाच विचारू का? ताई म्हणाल्या, छे, तिला असलं काम चालणार नाही."

थोरली हे खरंच विसरून गेली होती. रांग होती, मास्तर खिडकीशी वाकले होते, आणि त्यांच्या बोलण्यातले 'बहीण' आणि 'विचारू का' एवढेच शब्द तिच्या कानावर पडले होते. छे म्हणायला पूर्ण ऐकावं लागत नाही. आता ती साच्यांच्या ओळीकडे बघत उभी राहिली. धाकटी तिच्याकडे बघतेय हे तिला न बघताही कळत होतं. 

"बरं," मास्तर धाकटीला म्हणाले. "जागा आहे. पण आधीच सांगतो, पहिलं वर्षभर फक्त प्लास्टर कालवायचं आणि साचे घासायचे. माणसाच्या पायाला हात लावायचा नाही. चालेल?"

थोरलीला उत्तर पाठ होतं. दांड्यांपाशी खुर्चीवर बसलेल्या म्हाताऱ्यांनासुद्धा बहुतेक माहीत असावं.

"नाही चालणार," धाकटी म्हणाली.

 एवढी सगळी धडपड करून हातातोंडाशी आलेलं, आणि ही आत्ता नाही म्हणायला शिकली.

"सहा महिने घासते," धाकटी म्हणाली. "त्यानंतर मला माप घ्यायला शिकवायचं. नाहीतर मी वर्षभर पुन्हा नुसती बघतच बसेन, आणि बघणं माझं झालंय."

मास्तर थोडा वेळ हातातली खोबण फिरवत राहिले. आतून एका जागी अंगठा घासला, बाहेरच्या बाजूला, जिथे टोचत होतं तिथे. "सहा महिने," ते म्हणाले. "पण धोबीखान्याची वाफ इकडेच येते. आणि एप्रन रोज असा होणार. मुलीला पसंत आहे हे कळलं. तुम्हाला, ताई?"

दोघंही तिच्याकडे बघत होते. थोरलीला एप्रनचं काहीतरी म्हणायचं होतं. लोक विचारतील त्याचं म्हणायचं होतं. धाकटी आता लांब जाणार नाही याचा आनंद झालाय, हेही म्हणायचं होतं, आणि खिडकीवर छे म्हटलं त्याची माफीही मागायची होती. एवढं सगळं एकदम घशाशी आलं आणि त्यातलं काहीच एका वाक्यात बसेना.

"चालेल," थोरली म्हणाली.